बुखेनवाल्ड : स्मारक, कादंबरी आणि वगळलेले नाव

वायमार हे गटे आणि शिलर यांचे शहर. त्याच्या लगतच्या एटर्सबर्ग टेकडीवर जुलै १९३७मध्ये नाझींनी छळछावणी उभारली. टेकडीशी गटेच्या स्मृती निगडित असल्याने तिचे नाव छावणीला देण्यास वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळाने हरकत घेतली. म्हणून 'बुखेनवाल्ड', म्हणजे बीच वृक्षांचे वन, हे नाव योजले गेले. हरकत छावणीला नव्हती, नावाला होती. १९४५पर्यंत सुमारे २,८०,००० माणसे येथे आणि उपछावण्यांत डांबली गेली. सुमारे ५६,००० मृत्युमुखी पडली.

१९५८मध्ये पूर्व जर्मनीने येथे भव्य राष्ट्रीय स्मारक उभारले. फ्रिट्झ क्रेमर यांच्या शिल्पसमूहातील कैदी बळी नाहीत. ते लढवय्ये आहेत. त्याच वर्षी येथील माजी कैदी ब्रुनो आपित्झ यांची 'लांडग्यांमध्ये नग्न' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कम्युनिस्ट कैदी एका ज्यू बालकाला लपवून वाचवतात, हे तिचे कथानक. शिल्प आणि कादंबरी यांनी मिळून राजसत्तेला हवे असलेले प्रतिकाराचे मिथक सिद्ध केले.

असा मुलगा प्रत्यक्षातही वाचला. पण सप्टेंबर १९४४मध्ये आउश्वित्झला धाडावयाच्या २०० मुलांच्या यादीतून त्याचे नाव वगळले गेले, तेव्हा संख्या भरून काढण्यासाठी दुसरी नावे घालणे भाग होते. त्याच्या जागी आले विली ब्लूम या १६ वर्षांच्या सिंती मुलाचे नाव. धाकट्या भावाला एकटे जाऊ द्यावयाचे नाही म्हणून तो स्वेच्छेने निघाला, असे अनेट लेओ यांनी २०१८च्या ग्रंथात दाखविले आहे. तो परतला नाही. म्हणजे येथे ना निखळ वीरकथा उरते, ना सरळ आरोपपत्र. उरते ती आकडा कायम राखणारी यादी. कादंबरीत ही यादी नाही.

स्मारकातही एक मौन होते. १९४५ ते १९५० या काळात सोव्हिएत सत्तेने याच जागी सुमारे २८,००० माणसे कैदेत ठेवली; ७,०००हून अधिक दगावली. त्याविषयीचे प्रदर्शन १९९७मध्ये उघडले. दोन्ही छावण्यांना एका तागडीत तोलणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. परंतु एकीच्या स्मरणासाठी दुसरीवर पडदा टाकणे हेही समर्थनीय नाही.

आपित्झ यांनी कादंबरी लिहिली, हा दोष नव्हे. निवड आणि वगळणूक हा कलाकृतीचा अधिकारच आहे. मात्र सत्ता कादंबरीला पुराव्याचे स्थान देते, तेव्हा कलेतील वगळणूक ही इतिहासातील वगळणूक होते. समीक्षेचे काम तेथून सुरू होते.