निम्मलकुंट्याच्या चामडी बाहुल्या

फौजेत भरती झालेल्या प्रत्येकाला चामड्यावरची पहिली कारागिरी युनिटच्या मोच्याकडे बघायला मिळते. आमच्याकडे या ट्रेडला ईबीआर म्हणतात. रिक्रूट असताना नवा पट्टा घेऊन त्याच्या खोलीपुढे लाइनीत उभं राहायचं. तो पट्ट्याची आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसायचा, आकड्यांचे लोखंडी ठसे एकेक करून धरायचा आणि प्रत्येकावर हातोडीचा एकच घाव घालायचा. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं ओलं असताना दबतं आणि वाळल्यावर तो दाब विसरत नाही. माझा आर्मी नंबर त्या पट्ट्यावर असा उमटला. पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली, पट्टा चिरला, पण आकडे अजून वाचता येतात.

आमच्या घरात नाव घातलेली चामड्याची आणखी एक वस्तू आहे. तो एक दिवा आहे. आजचा लेख त्याच्याबद्दल.

2011 साली मी बंगळूरुला होतो. अनंतपूरकडचा एक हवालदार आमच्याच कंपनीत होता. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "साहब, आमच्याकडे एका गावात चामड्याच्या बाहुल्या करणारे लोक आहेत. बाहेर तेलुगू बोलतात, घरात तुमची भाषा बोलतात." मला वाटलं, गंमत करतोय. आंध्रातल्या खेड्यात मराठी कुठून येणार? पण तो हट्टाला पेटला. पुढच्या लागून आलेल्या सुट्टीत आम्ही दोघं गाडीनं धर्मावरमला उतरलो. रेशमी साड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. तिथून रिक्षानं निम्मलकुंटा. तेव्हा तो अनंतपूर जिल्हा होता, 2022 पासून श्री सत्यसाई जिल्हा झाला.

गावात शिरलो तर घरांच्या ओट्यांवर कामं चालू होती. एका म्हातारबाबांच्या अंगणात आम्ही थांबलो. हवालदारानं तेलुगूत ओळख करून दिली. बाबांनी मान हलवली आणि आत बघून सुनेला काहीतरी सांगितलं. त्यातला 'पाणी' माझ्या कानाला लागला. मग एकेक शब्द लागत गेला. चाल तेलुगूची, शेवट ओढलेला, पण मधले शब्द माझ्या आजीच्या तोंडचे. मी साध्या मराठीत म्हटलं, "बाबा, मी साताऱ्याकडचा." ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी चटई झटकून आपल्या शेजारी अंथरली.

हे लोक आरे कापू. तेलुगू मुलखात मराठ्यांना 'आरे' म्हणतात, त्यावरून हे नाव. कर्नाटकात हाच धंदा करणारे किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात, तमिळनाडूत मंडीकर. तिन्हीकडे घरातली बोली मराठीच्या कुळातली. आपल्या तळकोकणात पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, ते तर महाराष्ट्रातच आहेत. नकाशावर बोट फिरवून पाहा. सिंधुदुर्गापासून कन्याकुमारीच्या बाजूपर्यंत सावल्यांचा खेळ करणाऱ्या लोकांची एक माळच लागते, आणि त्या माळेचा दोरा मराठी आहे.

तमिळनाडूतले मंडीकर सांगतात की आपले पूर्वज तंजावरच्या मराठा राजांबरोबर आले. तंजावरला मराठ्यांचं राज्य 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांनी सुरू केलं. पण म्हणून ही कला मराठ्यांनी दक्षिणेत नेली असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. तेराव्या शतकातल्या पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू काव्यात चामडी बाहुल्यांच्या खेळाचा उल्लेख आहे, म्हणजे व्यंकोजींच्या कितीतरी आधी. कलेचा रस्ता वेगळा आणि माणसांचा रस्ता वेगळा. मराठी बोलणारी माणसं दक्षिणेत गेली, तिथल्या राजांच्या आणि गावांच्या आश्रयाला राहिली आणि तिथलीच गाणी गाऊ लागली. आंध्रातला हा खेळ चालतो तो मुख्यतः गोन बुद्धारेड्डीच्या रंगनाथ रामायणावर, म्हणजे शुद्ध तेलुगूवर. खेळ तेलुगू, चूल मराठी.

आता चामड्याकडे येतो. पट्ट्याचं चामडं कमावलेलं असतं, त्यातून उजेड जात नाही. बाहुलीचं चामडं कमावतच नाहीत. कातडं भिजवायचं, केस आणि चरबी खरवडून काढायची, ताणून उन्हात वाळवायचं. वाळलं की ते तेल लावलेल्या कागदासारखं होतं. दिव्यापुढे धरलं की पलीकडचा उजेड पिवळसर दिसतो. सगळा खेळ या एका गुणावर उभा आहे.

जुन्या काळी कुठल्या पात्राला कुठलं कातडं याचाही नियम होता. देव आणि कथानायक काळविटाच्या कातड्याचे, भीम आणि रावणासारखे दांडगे चितळाच्या कातड्याचे, कारण ते मजबूत. बाकी सगळी मंडळी शेळीची. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाचं कातडं बंद झालं. आता राम काय आणि राक्षस काय, सगळे शेळीच्या कातड्याचे. आंध्रातली बाहुली मोठी, चार-पाच फुटांची, कधी माणसाच्या उंचीची. साधं पात्र एका कातड्यात बसतं. रावणाला चार लागतात: एक धडाला, एक पायांना आणि पाच-पाच हातांना एकेक.

बाबांच्या ओट्यावर त्या दिवशी सीतेचं काम चालू होतं. कातड्यावर रेघ आधीच काढलेली होती. सून काडीनं लाल रंग भरत होती. एक बाजू झाली की कातडं उलटून दुसऱ्या बाजूलाही तोच रंग. रंग पातळ हवा, जाड झाला तर उजेड अडतो. बाबांचा मुलगा लाकडी ठोकळ्यावर कातडं ठेवून छोट्या पोलादी पटाशांनी भोकं पाडत होता. गोल, चौकोनी, चंद्रकोर, शंकरपाळ्यासारखं, प्रत्येक आकाराची पटाशी वेगळी. टक, टक, टक. मी विचारलं, "एवढी भोकं कशाला?" बाबांनी सीतेचं कातडं उचलून सूर्याकडे धरलं. गळ्यातला हार, कानातली कुडी, साडीचा काठ, सगळं झगमगायला लागलं. त्यांच्या रंगांत पांढरा नाही. पांढरं म्हणजे भोक. मोती म्हणजे जिथं चामडं नाही ती जागा.

"दोन भोकांच्या मध्ये भोकाएवढं चामडं राहायला पाहिजे," बाबा म्हणाले. "हाव केली की फाटतं." चाळीस-पन्नास रात्री नाचवायची वस्तू म्हटल्यावर हे कळायला हवं. खांदा, कोपर, गुडघा इथे वेगळे तुकडे दोरीच्या गाठीनं जोडतात, मधून उभी कामटी घालतात. नाचणारीला मानेचा सांधा जास्तीचा.

लेपाक्षीचं वीरभद्राचं देऊळ याच मुलखात आहे, सोळाव्या शतकातलं, विजयनगरच्या काळातलं. त्याच्या छतावरची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना निम्मलकुंट्याची बाहुली ओळखीची वाटेल. तसाच बाजूनं दाखवलेला चेहरा, तसाच लांब डोळा, तसंच ठिपक्यांचं वस्त्र. एकाच मातीतले हात.

दुपारी जेवण झाल्यावर मी माझं काम काढलं. आमच्या युनिटचा रेझिंग डे जवळ आला होता आणि मेससाठी काहीतरी जुनी, खानदानी वस्तू न्यावी असा विचार होता. मी म्हटलं, "बाबा, एखादा जुना राम द्या. पैसे सांगाल ते."

बाबा उठले नाहीत. मुलानं आतून पत्र्याची ट्रंक ओढून आणली. आत एकावर एक रचलेल्या बाहुल्या, मध्ये मध्ये कापड. धुरानं काळवंडलेल्या, एरंडेलाच्या दिव्यांपुढे नाचलेल्या. राम होता, लक्ष्मण होता, रावणाचे हात होते. मी विचारलं, "हनुमान कुठंय?"

उत्तर मुलानं दिलं. बऱ्याच वर्षांपूर्वी दुष्काळात एक व्यापारी आला होता. त्यानं हनुमान, जटायू आणि आणखी पाच-सहा पात्रं नेली. वर्षभराचं धान्य आलं. पण हनुमानाशिवाय रामायण होत नाही. नवा हनुमान करता आला असता, केलाही, पण तोवर गावांनी बोलावणं सोडलं होतं. सिनेमा आला, मग टीव्ही आला. पूर्वी पाऊस लांबला की गावकरी खेळ ठरवायचे आणि रात्रभर बसायचे. आता दिव्यांच्या शेड आणि भिंतीवरची चित्रं विकून घर चालतं.

बाबा मग हळूच बोलले. नाचलेली बाहुली विकायची नसते. ती म्हातारी झाली की तिची पूजा करून नदीत सोडायची, ही त्यांच्यातली रीत. "मी विकली," ते म्हणाले. एवढंच. पुढे काही नाही.

मी फौजी माणूस. युनिटमधलं एखादं जुनं शस्त्र किंवा निशाण गहाळ झालं तर काय वाटतं ते मला माहीत आहे. मी राम परत ट्रंकेत ठेवला आणि मेससाठी नवी सीता सांगितली. ती शेवटी दोन महिन्यांनी पार्सलनं आली आणि मेसच्या भिंतीवर लागली.

घरासाठी मात्र एक दिवा घेतला. बायकोचं आणि माझं नाव त्यावर घालून द्या म्हटलं. मुलाला देवनागरी येत नव्हती. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यानं कागद चामड्यावर ठेवला, मग थांबून विचारलं, "दिव्याच्या आतून बघणार की बाहेरून?" मला प्रश्नच कळला नाही. पडद्यामागचा माणूस आणि पडद्यापुढची माणसं एकच चित्र उलटसुलट बघतात. त्यामुळे डावं-उजवं आधी ठरवणं ही या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मी म्हटलं, बाहेरून. त्यानं गोल पटाशी घेतली आणि ठिपक्या-ठिपक्यांनी आमची नावं काढली. बाबा शेजारी बसून अक्षरांकडे बघत होते. बोलायला येणारी आपली भाषा लिहिल्यावर कशी दिसते, हे ते बघत होते असं मला वाटलं.

आंध्रच्या चामडी बाहुल्यांना 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे या कलेतल्या माणसांना पद्मश्रीही मिळाल्या: 2020 साली निम्मलकुंट्याचे दलवाई चलपती राव, 2021 साली पिंगुळीचे परशुराम गंगावणे, 2025 साली कोप्पळकडच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर. तीन राज्यांतली तीन माणसं. बातमी वाचताना फार आनंद झाला. पण सन्मान माणसाला मिळतो, आणि रामायण रात्रभर बसणाऱ्या गावाशिवाय होत नाही.

तुमच्यापैकी कुणी बंगळूरु-हैदराबाद रस्त्यानं जाणार असाल तर वाट वाकडी करून निम्मलकुंट्याला जा. दिवा घ्याच, पण आधी मराठीत बोला, आणि वेळ असेल तर खेळ लावायला सांगा. त्याचे पैसे द्या. जुनी बाहुली मात्र मागू नका.

आमचा दिवा संध्याकाळी लावला की नावं भिंतीवर ठिपक्यांनी उमटतात. भिंतीवरून वाचली तर उलटी दिसतात. त्या पोरानं बरोबर विचारलं होतं.