नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

वनस्पतींची लॅटिन नावे म्हणजे पंडितांची कोरडी यादी, असा आपला समज असतो. परंतु एखाद्या नावात मागे पडलेल्या धंद्याचा सारा इतिहास दडलेला असतो. युरोपातील टीझल या काटेरी वनस्पतीचे असेच आहे.

माणसाच्या उंचीएवढ्या या रोपाची समोरासमोरची पाने बुडाशी जुळतात. खोडाभोवती त्यांचा द्रोण होतो व त्यात पावसाचे पाणी साचते. म्हणून ग्रीकांनी तहानेच्या शब्दावरून त्याला 'डिप्सॅकस' म्हटले.

या रोपाची शेती होऊ लागली ती त्याच्या वाळलेल्या बोंडांसाठी. लोकरीचे कापड विणून, तुडवून घट्ट केले की त्यावर मऊ लव उठवावी लागे. कारागीर ही बोंडे चौकटीत बसवून ओल्या कापडावरून फिरवीत. धागा कोठे अडला तर बोंडाचा आकडा मोडे; कापड शाबूत राही. लंडनमधील वस्त्रकारागिरांच्या १५२८ साली स्थापन झालेल्या संघाने आपल्या मानचिन्हात टीझलचे सोनेरी बोंड मिरविले, ते उगीच नव्हे.

हीच बोंडे फिरत्या रुळावर बसविणारे यंत्र आले, तेव्हा हातांची भाकरी गेली. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत या यंत्राविरुद्ध कायदा झाला होता. १८०९ साली तो रद्द झाला. १८१२ साली यॉर्कशायरमधील लव उठविणाऱ्या व छाटणाऱ्या कारागिरांनी यंत्रे फोडली. पुढील जानेवारीत यॉर्क येथे सतरा जण फासावर गेले.

आता शास्त्राकडे वळू. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला 'डिप्सॅकस फुलोनम' असे नाव दिले. त्यातील दुसरा शब्द लोकरी कापड साफ करणाऱ्या कारागिराचा वाचक आहे. पुढे नियमांनुसार हे नाव रानटी जातीकडे राहिले. तिचे काटे सरळ व लवचीक. लव उठविण्यास निरुपयोगी. ताठ, वाकड्या आकड्यांची खरी कामकरी जात 'डिप्सॅकस सटायव्हस' म्हणून ओळखली जाते.

कुलाचेही असेच झाले. फुलांची दाटी पाहून टीझल सूर्यफुलाच्या कुलातील वाटते. पण त्याचे परागकोश सुटे असतात आणि प्रत्येक फुलाला स्वतःची वेगळी बाह्य वाटी असते. म्हणून १७८९ पासून, जुस्यूच्या काळापासून, त्याचे कुल निराळे मानीत. २००९ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अनुवंशिक पुराव्यावरून ते हनीसकलच्या कुलात विलीन केले. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी हिमालयातील जटामांसीही त्याच कुलात गेली आहे.

असे हे नवे नाते शास्त्राने जोडून दिले. पण ज्या हातांनी ती बोंडे झिजविली, त्यांचे नाव मात्र त्यांच्या कधीच उपयोगी न पडलेल्या रानरोपाला चिकटून राहिले आहे.