‘सगळीकडे तेच’ म्हणणाऱ्यांस

अमळनेरच्या बोरी नदीतल्या डबक्यातलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की रोटिफर, पाणपिसवा, सायक्लॉप्स बहुधा दिसतातच. त्यांची गावनिहाय नोंद करू म्हटलं, तर भले जाणकारही नाक मुरडतात. म्हणे, हे कारकुनी काम. हे जीव जगभर तेच, अमळनेरची वेगळी यादी कशाला?

ज्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तिथं पूर्वपक्ष तरी नीट मांडावा. तो दुबळा नाही. यांतल्या बऱ्याच जीवांची अंडी सुकल्या गाळात तग धरतात, वाऱ्यानं आणि पाखरांच्या पायांना चिकटून दूर जातात. नॉर्वेच्या सार्स यांनी तर क्वीन्सलँडहून आलेला वाळका चिखल पाण्यात कालवून पाणपिसवा वाढवल्या. त्यातलीच डॅफ्निया लुमहोल्ट्झी त्यांनी १८८५ मध्ये वर्णिली. ही जात भारतात आहे, आफ्रिकेत आहे. पण उत्तर अमेरिकेच्या जलाशयांत ती दिसू लागली १९९० च्या सुमारास. वारा तर त्याआधीही वाहत होता! आणि ती तिथं उपरी आहे हे कळलं, ते त्या तळ्यांच्या जुन्या याद्यांत तिचं नाव नव्हतं म्हणून.

खरी मेख पुढं आहे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या याद्यांत ‘मेसोसायक्लॉप्स ल्युकार्टी’ सापडतो. ओळख पटवायला हाताशी ग्रंथ युरोपातले, म्हणून नावंही युरोपातली. १९८१ मध्ये कीफर यांनी या नावाखालचा गोतावळा तपासला, तेव्हा एकाच नावाखाली अनेक जाती निघाल्या आणि खरा ल्युकार्टी आपल्या उष्ण मुलखातला नव्हेच असं ठरलं. म्हणजे सगळीकडे तेच आहे म्हणून नोंद नको, आणि नोंद धड नाही म्हणून सगळीकडे तेच दिसतं. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतील.

एक मात्र मान्य. नारू पसरतो सायक्लॉप्समधून, पण तो गेला त्या सायक्लॉप्सची जात न ओळखता. पाणी फडक्यानं गाळलं की कुठलाही सायक्लॉप्स अडकतो. पण कुठल्या गावात रुग्ण, कुठल्या पायविहिरीचं पाणी, हे टिपल्याशिवाय २००० साली भारत नारूमुक्त ठरला नसता. तेही ‘कारकुनी’च होतं.

म्हणून नुसतं नाव लिहिणं मलाही पुरेसं वाटत नाही. नाव चुकतं, बदलतं; ठिकाण, तारीख आणि बाटलीतला नमुना राहतो. नागपूरला रेव्हरंड हिस्लॉप यांनी गोळा केलेला, शिंपल्यासारख्या कवचाचा एक चिमुकला जीव बेअर्डनं १८५९ मध्ये वर्णिला. आज तो सायक्लेस्थेरिया हिस्लोपाय. उष्ण कटिबंधात सर्वत्र एकच जात असा त्याचा लौकिक होता. डीएनए तपासल्यावर एका नावाआड अनेक जाती असल्याचं दिसलं. मग मूळ नावाचा वारस कोण? नागपूरचा, कारण ठिकाण लिहून ठेवलं होतं.

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला दरवर्षी डबक्यांचं पाणी येतं आणि तास संपला की मोरीत जातं. त्यातली एक कुपी अल्कोहोलमध्ये ठेवावी. फॉर्मेलिननं डीएनए बिघडतो. चिठ्ठी कुपीच्या आत घालावी, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. गाव, डबकं, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. जात ओळखता आली नाही तर ती जागा कोरी सोडावी; अंदाजानं ल्युकार्टी लिहू नये.