कैसरबागेतली खिडकी

मागच्या भागात आपण रेसिडेन्सीचा वेढा पाहिला. आजचा विषय लहान आहे : एका जुन्या घराची खिडकी.

लखनौचा कैसरबाग नवाब वाजिद अली शहाने १८४८ ते १८५० या काळात बांधला. १४ मार्च १८५८ रोजी इंग्रजी फौज आत शिरली आणि लूट सुरू झाली. 'टाइम्स'चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथे हजर होता. त्याने ती लूट लिहून ठेवली आहे. पुढे रॉबर्ट नेपियर या इंजिनियर अधिकाऱ्याने शहराचा लष्करी आराखडा केला. पुन्हा उठाव झालाच, तर फौज आणि तोफा झपाट्याने हलाव्यात म्हणून दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. कैसरबागेचाही बराच भाग पाडला गेला. उरलेली दालने अवधच्या तालुकदारांना मिळाली. काहींचे वंशज आजही तिथे राहतात. आपल्या पंडित भातखंड्यांनी १९२६ साली ज्याची पायाभरणी केली, ते संगीत विद्यालयही याच कैसरबागेत आहे.

अशाच एका घरातले वृद्ध गृहस्थ माझ्या ओळखीचे. खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या, असे त्यांनी ठरवले होते. मी कायदा काढला तेव्हा म्हणाले, "कर्नलसाब, पाऊस माझ्या अंथरुणावर पडतो, कायद्याच्या पुस्तकावर नाही."

त्यांचे चुकत नव्हते. पण कायदाही नीट समजून घ्यावा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हा निषिद्ध भाग. तिथे १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. नवे बांधकाम मात्र करता येत नाही. म्हणजे कायदा दुरुस्तीची वाट बंद करत नाही.

आणि जुनी खिडकी उगाच तशी नसते. झिलमिलीच्या तिरक्या पट्ट्या ऊन अडवतात, वारा आत घेतात. वरच्या रोशनदानातून गरम हवा बाहेर जाते. सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. शिवाय लखौरी विटा आणि चुन्याच्या भिंतीत चौकट सिमेंटने घट्ट बसवली, की ओल आतच कोंडते आणि आजूबाजूचा चुना सुटू लागतो.

शेवटी जुन्या हाताचा एक सुतार आणला. त्याने एक झडप उतरवून टोचून पाहिली. कुजली होती फक्त खालची आडवी पट्टी, जिथे पाणी साचते तेवढीच. बाकीचे लाकूड टणक होते. खराब भाग कापून नवा तुकडा सांध्यात बसवायचा, बिजागऱ्या बदलायच्या आणि पाणी ओघळून जाईल असा उतार द्यायचा, एवढेच काम होते.

फौजेत आम्हाला शिकवले होते, की हत्यार टाकून देण्याआधी खोलून बघा. तुमच्या वाड्याची खिडकी पुण्यात असो, इंदुरात की बडोद्यात, काढण्याआधी तिला एकदा टोचून बघा. परवानगीचे कागद आणि सुताराची मजुरी मात्र घरमालकाच्याच माथी पडते. वारसा सगळ्यांचा म्हणायचा आणि खर्च एकट्या म्हाताऱ्याने सोसायचा, हे मला पटत नाही.

जय हिंद. भेटू पुढच्या भागात.