परवाना कुणाच्या नावावर?

रेडिओ विकत घेतला तरी तो वाजवायचा परवाना वेगळा काढावा लागे, हे आता चाळिशीतल्या माणसालाही सांगावं लागतं. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तारायंत्र कायदा यांच्या आधारानं सरकार तो देत असे आणि मिळायचा टपाल कचेरीत. आम्हा बुधवार पेठेतल्या लोकांना सिटी पोस्ट हाकेच्या अंतरावर. सत्तरच्या दशकात वर्षाची फी १५ रुपये. ती भरली की पुस्तिकेत तिकीट चिकटवून वर शिक्का मारून देत. तपकीर गल्लीत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सेट हातात घेतानाच विचारायचे, "लायसन चालू आहे ना?" घरच्या सेटचा परवाना वेगळा आणि हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी वाजणाऱ्या सेटचा वेगळा. यंत्र तेच, आकाशवाणीही तीच. फरक फक्त ऐकणारे कोण याचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हे परवाने बंद झाले.

मी अण्णांच्याच गल्लीत वाढलो आणि आता लहान धंद्यांच्या सर्व्हरचे परवाने तपासून देतो. हॉटेलातल्या त्या सेटचा नियम ज्याला कळला त्याला होस्टिंगच्या, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरच्या, परवान्यातलं निम्मं कळलं, असं माझं ठाम मत आहे.

रेडिओचे परवाने जात होते त्याच सुमारास दुसरे येत होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतींमध्ये गणला जाऊ लागला. अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तकं हातोहात विकली जातात आणि त्याला कुणाची हरकत नसते. प्रोग्राम मात्र करारानं येतो आणि त्यातले हक्क त्या कराराइतकेच. १९९४च्या दुरुस्तीनं तर, चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद केली. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. पण पेठेतल्या दुकानदाराचा वापर धंद्यासाठीच असतो.

कायदा पोथीत राहिला. परवाना म्हणजे काय हे पेठेला खऱ्या अर्थानं शिकवलं ते मराठी अक्षरांनी. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि आयआयटी कानपूरला जन्मलेलं जिस्ट तंत्र इथे आलं. सुरुवातीला ते कार्डाच्या रूपात मिळे. संगणकाच्या आत खाचेत बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. कार्ड ज्याचं, देवनागरी त्याची. पुढे सी-डॅकचं आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आलं, ते डोंगलसह. हा डोंगल प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीत. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची पुस्तकं, गाइडं, लग्नपत्रिका जुळवणारे डीटीपीवाले आसपासच्या वाड्यांमधल्या एकेका खोलीत बसत. संगणक तीन आणि डोंगल एक असला की एकाच पडद्यावर मराठी. रात्री दुकान बंद करताना कितीतरी जण डोंगल काढून खिशात घालून घरी नेत, कारण तो हरवला तर काम ठप्प. त्या काळी परवाना हातात धरता यायचा. मला ती व्यवस्था आजही प्रामाणिक वाटते, कारण आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे.

नेटवर्क आलं तेव्हाही आधी कुलूपच होतं. नोव्हेलचं नेटवेअर पाच, दहा, पंचवीस, पन्नास अशा वापरकर्त्यांच्या संख्येनं विकलं जायचं. पाचांचा परवाना असला तर सहाव्याला सर्व्हर आतच घेत नसे. मायक्रोसॉफ्टनं वेगळी वाट धरली. विंडोज एनटी सर्व्हर ३.५ पासून, म्हणजे १९९४ पासून, सर्व्हरचा परवाना निराळा आणि त्याला जोडल्या जाणाऱ्यांचा निराळा झाला. या दुसऱ्याला आम्ही कॅल म्हणतो. १९९६च्या एनटी ४.० मध्ये बसवतानाच प्रश्न यायचा: मोजणी सर्व्हरमागे की संगणकामागे? बहुतेक जण न वाचता पुढे जात. संगणकामागची मोजणी निवडली की कॅल नसली म्हणून फाइल उघडायची थांबत नसे. सगळी भिस्त कागदावर आणि विश्वासावर. डोंगलच्या शिस्तीत वाढलेल्या पेठेनं यातून एकच अर्थ काढला: चालतंय ना, मग बरोबर असणार. पुढची बरीचशी गफलत इथून सुरू झाली.

टॅलीचं घ्या. सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी, गोल्ड एका नेटवर्कवरच्या अनेकांसाठी, हे आमच्या भागातला हिशेबनीसही घडाघडा सांगतो. तेच टॅली विंडोज सर्व्हरवर ठेवून पाच जण घरून रिमोट डेस्कटॉपनं वापरू लागले की खालचे थर मोजायचे राहतात. सर्व्हरचा परवाना, माणशी एक साधी कॅल आणि माणशी आणखी एक रिमोट डेस्कटॉपची कॅल. सर्व्हरची मोजणीही २०१६पासून प्रोसेसरऐवजी कोअरवर गेली, एका यंत्राला किमान १६. दहा-दहा कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर २० कोअरचा परवाना. स्टँडर्ड प्रकारात तेवढ्यावर दोन आभासी सर्व्हर चालतात. चार चालवायचे तर तेच २० पुन्हा घ्यायचे.

आता यंत्र दुसऱ्याचं, जागा दुसऱ्याची आणि हिशेब आपला, अशी वाटणी झाली आहे. इथे हॉटेलातल्या सेटचा नियम लागतो: सर्व्हर भाड्यानं देणारा व्यावसायिक दुकानातून आणलेल्या साध्या परवान्यावर परक्यांची कामं चालवू शकत नाही. करारातच मनाई असते. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा एसपीएलए नावाचा वेगळा करार आहे. त्यात तो वापर मोजून दर महिन्याला कळवतो आणि पैसे भरतो. तिथे सर्व्हर कोअरवर मोजला जातो आणि साध्या कॅलची गरज पडत नाही. रिमोट डेस्कटॉपची आकारणी मात्र माणशी, महिन्याला. स्वतःचा जुना परवाना होस्टिंगवाल्याकडे घेऊन जाता येईल का, हे उत्पादनावर ठरतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स हा जोडकरार चालू असल्यास मुभा आहे. विंडोज सर्व्हरला सामायिक यंत्रावर ती मुभा बराच काळ नव्हती, २०२२च्या ऑक्टोबरपासून अटींसह मिळाली.

फुकटाच्या बाजूलाही पाहावंच लागतं. सेंटओएस हे लिनक्स फुकट म्हणून अनेक होस्टिंगवाल्यांनी घेतलं. त्याची आठवी आवृत्ती २०२१च्या अखेरीस बंद झाली, सातवी ३० जून २०२४ रोजी. विकतच्या बाजूला, आभासी सर्व्हर चालवणारं व्हीएमवेअर २०२३च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमकडे गेलं आणि नवे कायमचे परवाने विकणं थांबलं. दोन्हींचा भार शेवटी महिन्याच्या भाड्यात उतरतो आणि तो भरणाऱ्या दुकानदाराला कारण कुणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून पेठेतला एखादा घाऊक व्यापारी बिल घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, परवाना धरून भाडं आहे असं लिहिलंय," तेव्हा मी तीन गोष्टी लेखी मागवायला सांगतो: परवाना कुणाच्या नावावर, कोणत्या करारानं आणि किती माणसांसाठी. तिसरीचं उत्तर जवळजवळ नेहमीच कमी निघतं. मालक, मुलगा, दोन हिशेबनीस, गोदामावरचा माणूस एवढे मोजलेले असतात. सीएंकडचा आर्टिकल, म्हणजे उमेदवार, मार्चअखेरीला आपल्या ऑफिसातून त्याच सर्व्हरवर शिरतो. त्याच्या नावानं लॉगिन उघडलेलं आहे, म्हणून त्याचीही आकारणी धरायची.