साने गुरुजी मार्गावरून जाताना

चिंचपोकळी स्टेशनातून पश्चिमेला उतरून सात रस्त्याकडे निघालो, की लागतो तो आर्थर रोड. त्याचे आजचे नाव साने गुरुजी मार्ग. याच रस्त्यावर तुरुंग आहे. योगायोग असा, की गुरुजींनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग तुरुंगातच लिहिला. नाशिकच्या, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत.

मी हे पुस्तक प्रथम वाचले ते लालबागच्या चाळीत, सहावीत असताना. ते गिरणी संपाचे वर्ष. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत वडीलही होते. पुस्तकातली आई श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर पदर पसरते, तिथे मी खूप रडलो. मोठेपणी इतकेच आठवत राहिले.

गेल्या वर्षी ते पुन्हा वाचले आणि नजर भलतीकडेच अडली. पानोपानी कर्ज आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो आणि आई आत ते ऐकते. खोताच्या घराण्याची ही गत, तर कुळांची काय असेल? पालगड दापोली तालुक्यातले. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत आली आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर गावाकडच्या चुली पेटत राहिल्या. लहानपणी मला ही केवळ एका प्रेमळ आईची गोष्ट वाटली होती. ती आमच्या गिरणगावाच्या आधीची गोष्टही होती.

मग आठवले, संपाच्या त्या पावसाळ्यात आमच्या आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या होत्या. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "कपाटात ठेवल्यात." मला ते पटले. मी पुन्हा पुस्तकात डोके घातले.

गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. लिहायला बसले तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. म्हणजे बेचाळीस रात्री सांगितलेली ही कथा मुलाने लिहिलेली नाहीच. लहानपणी आपल्याला काय दिसले नव्हते, हे उमगलेल्या प्रौढाने ती लिहिली आहे. म्हणून ती दोनदा वाचावी लागते.

आमच्या कपाटात पाटल्या नव्हत्या. हे मला कळले, तेव्हा विचारायला आई उरली नव्हती.