अरगटाची गोळी आणि हृदयाची झडप



गावातली एखादी सून डोळ्यांसमोर आणा. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली, घरात पाळणा हललेला नाही. पाळी महिनोन् महिने येत नाही, आणि अंगावर पिणारे मूल नसताना छातीतून मात्र दूध येते. कुणी म्हणते बाहेरचे आहे, कुणी तिला वांझ म्हणून मोकळे होते. पुढे कुणी शहाणे माणूस तिला शहरातल्या डॉक्टरांकडे नेते. रक्त तपासतात, डोक्याचा फोटो काढतात आणि कळते की मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीत एक बारीक गाठ आहे. गाठ साधी आहे, कॅन्सरची नव्हे. आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची एक लहानशी गोळी मिळते. काही महिन्यांत पाळी सुरू होते, घरात पुन्हा हसू येते.

मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "ताई, एकदा हृदयाची टू-डी इको करून घ्या." झाले! घरात धसका बसतो. गाठ डोक्यात, मग तपासणी हृदयाची कशाला? या गोळीने हृदय बिघडते की काय? गोळी बंदच केलेली बरी, असे मनात येते. ह्या एका प्रश्नामागे केवढा मोठा इतिहास आहे, तो आज आपण पाहू. तो कळला म्हणजे धसकाही जाईल आणि हयगयही होणार नाही.

ही गोष्ट सुरू होते शेतात. युरोपात राय नावाचे धान्य पिकते. पावसाळी, गार हवेत रायच्या ओंबीवर एक बुरशी येते आणि दाण्याच्या जागी काळी-जांभळी शिंगासारखी गाठ धरते. तिला अरगट म्हणतात. मध्ययुगात दुष्काळी वर्षी लोक तेच पीठ खात. मग हातापायांची आग आग होई, रक्तवाहिन्या आवळत, बोटे काळी पडून गळत. लोक त्याला संत अँथनीचा अग्नी म्हणत. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्या संताच्या नावाने धर्मबंधूंचा एक संघ निघाला आणि त्याने या रोग्यांसाठी रुग्णालये चालवली.

अरगट आपल्याला परका आहे असे समजू नका. रायवरच्या बुरशीची चुलतबहीण आपल्या बाजरीवर येते. १९५६ साली सातारा भागात बाजरीवर अरगटाची मोठी साथ आल्याची नोंद आहे. अशी बाजरी खाऊन मळमळ, उलट्या, गुंगी येते. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकावे, वर तरंगेल ते काढून टाकावे, हा उपाय आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेच.

पण विषातही गुण असतो, मात्रा कळली पाहिजे. युरोपातल्या सुइणी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून अरगट देत. १५८२ साली छापलेल्या एका जर्मन वनस्पतिग्रंथात त्याचा उल्लेख आहे. मात्रा चुकली की आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेते. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी या काळ्या गाठीतले एकेक द्रव्य वेगळे काढले. १९१८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात आर्थर स्टोल यांनी अर्गोटामीन काढले; ते अर्धशिशीवर चालले. १९३५ साली अर्गोमेट्रीन मिळाले. त्याने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून कितीतरी आया वाचवल्या.

आता जरा पीयूषिका ग्रंथीकडे वळू. हरभऱ्याएवढी ही ग्रंथी नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्यातून जे रस रक्तात जातात, त्यांतल्या एकामुळे आईला दूध येते. १९२८ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे सशांवर प्रयोग करताना हा गुण प्रथम दिसला. १९३३ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी कबुतरांवर काम करून त्या रसाला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. कबुतर नर असो वा मादी, पिलांना गळ्यातल्या पिशवीतले दुधासारखे द्रव्य भरवते. ते याच रसामुळे तयार होते. गंमत अशी, की माणसात प्रोलॅक्टिन वेगळे असते हे पक्के व्हायला १९७० च्या सुमाराची वाट पाहावी लागली.

ह्या रसाला लगाम घालणारे द्रव्यही शरीरातच आहे. त्याचे नाव डोपामीन. मेंदूकडून ते ग्रंथीकडे येते आणि "पुरे आता" असे सांगते. गाठीमुळे प्रोलॅक्टिन उतू जाऊ लागले की पाळी बंद पडते, मूल राहत नाही. हा आजार पुरुषांनाही होतो. इच्छा कमी होते, डोके दुखते. गाठ वाढून डोळ्यांच्या नसांवर दाब आला तर दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. पूर्वी अशा गाठींना शस्त्रक्रिया हाच मोठा आधार होता. नाकावाटे जाऊन पीयूषिकेची गाठ काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९०७ साली इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी केली.

१९६० च्या दशकात बाझलच्या प्रयोगशाळेत अरगटाच्या द्रव्यात फेरफार करून ब्रोमोक्रिप्टीन तयार झाले. ते डोपामीनचे सोंग घेते आणि प्रोलॅक्टिनला आवर घालते. १९७० च्या दशकात ते रोग्यांना मिळू लागले. पुढे इटलीत त्याच घराण्यातले कॅबरगोलीन निघाले; अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. रोज घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा घेतले तरी पुरते, आणि बहुतेकांची गाठ आकसते. ज्या बुरशीने पूर्वी घरे ओस पाडली, तिच्याच वंशातले औषध आता घरात पाळणा हलवू लागले.

मग हृदय यात आले कुठून? हृदयात चार झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आपण जाणता. तो नीट मिटला नाही की पाणी मागे उतरते आणि पंप नुसता धापा टाकतो. झडपेचे पडदे जाड आणि ताठर झाले की हृदयाचेही तसेच होते; रक्त मागे गळते.

शरीरात सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य आहे. ते फार झाले तर झडपा जाड होतात, हे १९५४ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी आतड्याच्या एका विशिष्ट गाठीच्या रोग्यांत वर्णिले. अरगटाच्या घराण्यातले अर्धशिशीचे एक औषध बरीच वर्षे घेणाऱ्यांतही १९६० च्या दशकात झडपांचे दुखणे दिसले. १९९७ साली अमेरिकेत भूक मारणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या २४ बायकांच्या झडपा बिघडल्याची बातमी आली, आणि फेनफ्लुरामीन हे औषध त्याच वर्षी बाजारातून काढावे लागले. कारण पुढे उलगडले. झडपेतल्या पेशींवर सेरोटोनिनचे एक कुलूप असते, आणि या औषधांची किल्ली त्याला लागते. किल्ली वर्षानुवर्षे फिरत राहिली की पेशी वाढतात, पडदा जाड होतो. कॅबरगोलीनची किल्लीही त्या कुलपाला लागते.

कॅबरगोलीन कंपवातावरही देत असत. २००७ च्या जानेवारीत इटलीतील डॉक्टरांनी कंपवाताच्या रोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. कॅबरगोलीन घेणाऱ्या शंभरांत सुमारे २९ जणांच्या झडपांना मध्यम किंवा मोठी गळती होती. औषध न घेणाऱ्या निरोगी लोकांत हेच प्रमाण शंभरांत सुमारे ६ होते. जगभर काळजी पसरली. तेव्हापासून पीयूषिकेच्या रोग्यांच्याही हृदयाकडे डॉक्टर पाहू लागले.

पण इथे थोडे गणित करू. शिक्षकांनी हे फळ्यावर मांडावे. कंपवाताला कॅबरगोलीन दिवसाला ३ मिलिग्रॅम किंवा अधिकही देत. म्हणजे आठवड्याला २१. पीयूषिकेच्या गाठीला सहसा आठवड्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम लागते. कंपवाताचा रोगी एका वर्षात जेवढे औषध घेई, तेवढे आठवड्याला एक मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईच्या पोटात जायला २१ वर्षे लागतील.

म्हणून पुढची तपासणी खास पीयूषिकेच्या रोग्यांतच झाली. २००८ साली नेपल्सच्या डॉक्टरांना हृदयाच्या उजव्या बाजूच्या एका झडपेची गळती जास्त आढळली. इतर बहुतेकांना चिंता वाटावी असे काही सापडले नाही. २०१४ साली ब्रिटनमध्ये ७४७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. लहान मात्रेत कॅबरगोलीनने हृदयाला काळजी करण्याजोगा धोका तीतही दिसला नाही. मग २०१९ साली तिथल्या हृदयाच्या आणि ग्रंथींच्या डॉक्टरांनी एकत्र बसून नियम सुचवला: औषध सुरू करण्यापूर्वी एक इको, आठवड्याला २ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा असेल तर पुन्हा पाच वर्षांनी, मात्रा त्याहून जास्त असेल तर दरवर्षी.

ही इको म्हणजे काय, तेही सांगतो. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉक्टर इंगे एड्लर आणि पदार्थवैज्ञानिक हेल्मुट हेर्ट्झ यांनी जहाजांच्या गोदीतले, धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र उसने आणले आणि छातीवर लावले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा प्रतिध्वनी घेऊन त्यांनी हृदयाची हालचाल टिपली. आजची इको त्याच घरातली. सुई नाही, चिरफाड नाही, क्ष-किरणही नाहीत. छातीवर गार जेली लावून थोडा वेळ कुशीवर पडून राहायचे, बस्स.

तेव्हा बायाबापड्यांनो, डॉक्टरांनी इको सांगितली म्हणजे हृदय बिघडले असा अर्थ काढू नका. मात्रा किती, किती वर्षे चालली, आणि झडप कशी आहे, याचा तो हिशेब आहे. धास्तीने गोळी आपल्या मनाने सोडली तर प्रोलॅक्टिन पुन्हा चढते, गाठ वाढू शकते, नजरेवर बेतू शकते. गोळीची चिठ्ठी आणि इकोचा कागद एकाच पिशवीत जपून ठेवा. दम लागू लागला, पायावर सूज आली किंवा दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना सांगा. काहींची गोळी दोन-तीन वर्षांनी थांबवताही येते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. आणि तुमच्या शेजारी अशी कुणी सून असेल, तर तिला बोल लावण्याआधी डॉक्टरांचे दार दाखवा. तिचा दोष काही नाही. हरभऱ्याएवढ्या ग्रंथीतली ती एक गाठ आहे, आणि तिच्यावर औषध आहे.